आंजर्ले ते कर्दे सायकलवर: भरती-ओहोटीच्या हिशोबाने आखलेला एक दिवस (कासवं, डॉल्फिन, काकण आणि बरंच काही)

आधीच सांगून टाकतो, किलोमीटरच्या हिशोबाने ही राईड अजिबात अवघड नाही. दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याहून निघायचं, खाडीचा पूल ओलांडून पाजपंढरी, हर्णै, मुरुड करत कर्द्यापर्यंत जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, सगळं मिळून तीस-पस्तीस किमी. (मुरुड म्हणजे दापोलीचं मुरुड, जंजिऱ्याचं नाही, दरवर्षी एक तरी जण मॅपवर चुकीचं मुरुड टाकतो.) रोज सायकल चालवणारा माणूस म्हणेल हे तर दोन तासांचं काम. पण दोन तासांत उरकलंत तर दिसणार काहीच नाही. इथे दिवस आखायचा तो समुद्र कधी आत जातो आणि कधी बाहेर येतो त्यावर, घड्याळ आणि स्ट्राव्हा (राईड मोजणारं अॅप) नंतर.

हे मी शिकलो ते फजिती होऊनच. पहिल्या वर्षी आठ जणांना घेऊन आलो, शनिवार-रविवार सुट्टी बघून तारीख धरली, तिथी कोण बघतो. दशमी होती बहुतेक. सकाळी साडेसातला भरती पूर्ण चढलेली, खाडीत चिखल नाही म्हणून पक्षी नाहीत, पुळणीवर ओल्या वाळूचा पट्टा नाही म्हणून सायकली मऊ वाळूत रुतल्या, शेवटी खांद्यावर घेऊन रस्त्याला लागलो आणि एक बाई म्हणाल्या, "भरतीत कशाला आलात?" उत्तर नव्हतं.

तारीख कशी धरायची

कोकणातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो अॅप उघडत नाही, तिथी विचारतो. तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल ती साधारण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी आणि रात्री तीनच्या आसपास पूर्ण भरती. भरती ते ओहोटी सहा तास धरा, म्हणजे सकाळी नऊला पूर्ण ओहोटी. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते म्हणून हा पाऊणचा पाढा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, नक्की वेळ हवी तर भरतीचं वेळापत्रक बघाच, पण दोन महिने आधी तारीख धरायला हे गणित पुरतं.

आपल्याला हवी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यानची ओहोटी. म्हणजे द्वितीया, तृतीया, चतुर्थी, फार तर पंचमी, शुद्ध किंवा वद्य कुठलीही. त्यातही दुसरी-तिसरी तिथी जास्त चांगली कारण अमावस्या-पौर्णिमेचं उधाण नुकतंच होऊन गेलेलं असतं, पाणी लांबपर्यंत आत जातं आणि पुळण रुंद मिळते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी धड चढत नाही धड उतरत नाही, शिवाय ओहोटी भर दुपारी. नवमी ते एकादशी तर विसराच.

आता यात कासवांचा सीझन बसवा. ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येतात आणि अंडी उबायला ४५ ते ६० दिवस लागतात, त्यामुळे पिल्लं बघायची तर फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल. माझ्या मते दोन वेळा एकदम फिट बसतात. एक होळी पौर्णिमेनंतर रंगपंचमीपर्यंतचे दिवस आणि दुसरी गुढीपाडव्यानंतरची तीज-चौथ. पहिल्यात शिमग्याला आलेले चाकरमानी असतात, खोली मिळायची मारामार, पण पालखी बघायला मिळते. दुसऱ्यात उकाडा जास्त, गर्दी कमी. मी पाडव्यानंतरचीच धरतो.

चतुर्थी धरलीत तर अजून एक गोष्ट, आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती आहे. विनायकी किंवा संकष्टीला दर्शन पण होतं. फक्त ग्रुपमध्ये कोणाचा उपास असेल तर हर्णैच्या मासळी बाजारात त्याचा चेहरा बघवत नाही, तेवढं धरून चाला.

आधीच्या आठवड्यातली कामं

मुक्काम आदल्या रात्री आंजर्ल्यातच करा. लोक दापोलीत राहतात आणि पहाटे घाट उतरून येऊ म्हणतात, तसं करू नका. दापोली वर डोंगरावर आहे, पहाटेच्या अंधारात वळणावळणाचा उतार सायकलवर उतरायचा म्हणजे उगाच धोका, आणि संध्याकाळी तोच घाट दमलेल्या पायांनी चढायचा. गावात घरगुती राहायची सोय भरपूर आहे. मुंबई-पुण्याहून सायकली गाडीच्या रॅकवर आणणं सगळ्यात सोपं. रेल्वेने येणाऱ्यांना जवळचं मोठं स्टेशन खेड, तिथून दापोली तीसेक किमी आणि पुढे अजून उतरायचं.

मुक्कामाच्या घरी आठवडाभर आधी फोन करून एकच विचारा, हॅचरीत (कासवांची अंडी राखतात तिथे) कुठल्या घरट्याचे दिवस भरत आलेत? तिथल्या कासवमित्रांकडे, म्हणजे ही अंडी राखणाऱ्या माणसांकडे, प्रत्येक घरट्याची तारीख लिहिलेली असते. पन्नास दिवस होऊन गेलेली दोन-तीन घरटी असतील तर पिल्लं दिसायची शक्यता चांगली. गॅरंटी कोणी देत नाही, आणि जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आमच्या एका ट्रिपला दोन दिवसांत एकही पिल्लू आलं नाही.

गाईड म्हणून गावातलाच माणूस घ्या. पक्ष्यांचं पुस्तक पाठ असलेला शहरातला मित्र वेगळा आणि कुठल्या सुरूवर काकणाचं (समुद्री गरुडाचं) घरटं आहे हे माहीत असलेला माणूस वेगळा. पैसे आधी ठरवा, आणि दिवसाचे ठरवा, "जे काय द्यायचं ते द्या" यावर सोडू नका, दोघांनाही अवघड होतं. तो सायकलवर येईलच असं नाही, आमचा माणूस स्कूटरवर पुढे जाऊन थांबतो, तेही चालतं.

ग्रुप आठ-दहाच्या वर नको. पुढे एक जण रस्ता माहीत असलेला, सगळ्यात मागे एक जण पंक्चर काढता येणारा, मधल्यांनी या दोघांच्या मध्येच राहायचं, एवढा एकच नियम. मागचा माणूस दिसेनासा झाला की पुढच्याने थांबायचं.

सायकल आणि सामान

हायब्रिड किंवा एमटीबी (माउंटन बाईक) आणा. पातळ टायरची रोड बाईक इथे रडवते, गावातले रस्ते अरुंद, कडेला जांभ्याचे दगड आणि खडी. ब्रेक आदल्या दिवशी तपासा, हर्णै-मुरुडच्या मधले चढउतार छोटे आहेत पण तीव्र आहेत. सामानात दोन ट्यूब, पंप, चेन ऑईलची बाटली, जुना टूथब्रश (याचं कारण शेवटी), दोन लिटर पाणी, ओआरएस, टोपी, दुर्बीण असेल तर एक तरी. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावून घ्या, पहाटे किनाऱ्यावर पांढरा उजेड नको.

पहाट: हॅचरी

पावणेसहाला उठा, चहा घ्या, सव्वासहाला किनाऱ्यावर. सायकली खोलीवरच राहू देत, किनाऱ्यावर चालत जा.

हॅचरी म्हणजे भरतीच्या रेषेच्या वर जाळीचं कुंपण घातलेला वाळूचा तुकडा, फार काही भारी दिसत नाही. मादी रात्री येऊन साधारण दीड फूट खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते, परत बघायला येत नाही. पूर्वी ही अंडी माणसं काढून न्यायची, उरलेली कोल्हे आणि कुत्रे उकरायचे. म्हणून पहाटे कासवमित्र मादीच्या पावलांचा माग काढत किनारा पालथा घालतात आणि अंडी अलगद उचलून हॅचरीत तसाच खड्डा करून पुरतात. या सगळ्याची सुरुवात २००२ साली इथून उत्तरेला वेळासला झाली, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन, आणि मग एकेक किनारा जोडला गेला. आता वनखातंही यात आहे.

पिल्लं वर यायच्या घरट्यावर टोपली उपडी ठेवलेली असते. ती उचलली आणि खाली काळपट, तळहातात सहज मावतील एवढे जीव वळवळताना दिसले की सगळ्यांचा हात मोबाईलकडे जातो. फ्लॅश बंद. हात लावायचा नाही, उचलून पाण्यात सोडायचं तर मुळीच नाही. त्यांना वाळूवरून स्वतः चालत जाऊ देतात, मोठी झालेली मादी अंडी घालायला आपल्या जन्माच्या भागाकडे परतते आणि त्या ओळखीत या चालण्याचाही वाटा असावा असं मानतात. आणि इथेच तिथीचं गणित पहिल्यांदा कामाला येतं. नऊची ओहोटी म्हणजे पावणेसातला पाणी बरंच मागे गेलेलं असतं, पिल्लांची चाल लांबते आणि आपल्याला निवांत बघायला मिळतं. कावळे-घारी वरून टेहळत असतात, कासवमित्र दोरीच्या आत उभे राहून त्यांना हाकलतात. दोरीच्या बाहेर शांत बसा, पुढे जाऊन उभं राहू नका, ओल्या वाळूत पावलाचा खड्डासुद्धा पिल्लाला विहिरीएवढा.

तिथे कोणी विचारलं की ही कासवं जातात कुठे, तर सांगा. जानेवारी २०२२ मध्ये याच आंजर्ल्याच्या एका मादीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग लावला होता, तिचं नाव सावनी. वेळासच्या मादीचं नाव प्रथमा. पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडलेंना असे टॅग पहिल्यांदाच लागत होते. आणि २०२१ ला ओडिशात टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये चक्क गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरची इकडे येत नाहीत असंच सगळे धरून चालले होते.

साडेसात: खाडीचा पूल

इथून सायकल. गावातून माडा-पोफळींच्या वाड्यांमधून रस्ता जातो, दोन्ही बाजूला जांभ्याचे गडगे. काही वाड्या अजून विरळ दिसतील, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात इथली बागायत आडवी झाली होती, आणि पोफळ परत उभी राहायला वर्षं लागतात.

मग जोग नदीच्या खाडीवरचा पूल. पूर्वी इथे तरीतून पलीकडे जावं लागायचं. बरेच जण पूल झपकन ओलांडून जातात, आणि तिथेच सकाळचा सगळ्यात चांगला अर्धा तास गमावतात. सायकली पुलाच्या टोकाला एका बाजूला लावा, रस्ता अडवू नका, आणि ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलाकडे बघत उभे राहा. पहिली पाच मिनिटं काही दिसणार नाही. मग चिखल हलायला लागतो. ते निवटे, कल्ल्यांत पाणी धरून चिखलावर उड्या मारणारा मासा, डोळे वर आलेले. मग एका हाताने मोठा पंजा हलवणारे छोटे खेकडे, ते सगळे नर, मादीला आणि एकमेकांना दाखवत असतात. बगळे, तुतवार, चिखल्या, तिवरांच्या फांदीवर खंड्या. वर गोल फिरणारी तांबूस पाठीची पांढऱ्या डोक्याची घार म्हणजे ब्राह्मणी घार.

काकण मात्र वेगळा. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, आकाराने घारीच्या दुप्पट वाटतो, वर राखाडी, खाली पांढरा, पंख इंग्रजी व्ही सारखे वर उचलून तरंगतो, शेपूट पाचरीसारखी. ब्राह्मणी घारीची शेपूट गोलसर असते, ओळखायला ही एक खूण पुरते. याचं घरटं उंच झाडावर काटक्यांचं, वर्षानुवर्षं तेच डागडुजी करून वापरतो. गाईडला माहीत असतं. घरट्याच्या झाडाखाली जाऊ नका आणि लोकेशन टाकलेले फोटो नेटवर चढवू नका, ही विनंती नाही, अट समजा.

हर्णै आणि पुढे मुरुड

पाजपंढरी कोळीवाडा, सुकत घातलेली मासळी, वास सवयीचा नसेल तर जरा जोरात पॅडल मारा. हर्णैला नाश्ता, पोहे-मिसळ मिळते, कुठे घावन-चटणी मिळाली तर सोडू नका. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो, कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं, १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सच्या आरमाराने घेतला आणि पुढे पेशव्यांकडे गेला. किनाऱ्यावर गोवा किल्ला, कनकदुर्ग, फत्तेगड. आज किल्ल्यांचा दिवस नाही, बघून पुढे चला, नाहीतर मुरुडला ऊन चढतं.

हर्णै ते मुरुड पाच-सहा किमी, चढ-उतार. मोठ्या टुरिस्ट गाड्या वळणावर जोरात येतात, एका मागे एक चाला, बाजूबाजूने गप्पा मारत नाही.

साडेनवापर्यंत मुरुडच्या पुळणीवर पोचा. डॉल्फिनच्या होड्या इथूनही जातात आणि कर्द्याहूनही, मी मुरुडहून लवकर घेतो कारण सकाळी समुद्र सपाट असतो आणि पाठीचा पर लांबूनही दिसतो, अकरानंतर वारा उठला की प्रत्येक लाट डॉल्फिन वाटते. इथे दिसतात ते बहुतेक हंपबॅक डॉल्फिन, राखाडी, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर. टीव्हीत बघितलेल्या उड्यांची अपेक्षा ठेवू नका. श्वास घ्यायला पाठ वर येते, फुस्स आवाज होतो, गायब. मग दोन मिनिटांनी भलतीकडेच. होडीवाल्याला निघण्याआधीच सांगा की पाठलाग करायचा नाही, दिसले की इंजिन हळू कर, आणि अजून होड्या असतील तर घेरायचं नाही. बरेचदा होडीवाले पाठलाग करतात ते आपल्यालाच खूश करायला, आपणच नको म्हटलं की त्यांनाही बरं वाटतं, डिझेल वाचतं. लाइफ जॅकेट घाला, पोहता येत असलं तरी.

वाळूत सायकल चालवायची का?

यावरून दरवेळी वाद होतो. फोटोसाठी सगळ्यांना चालवायची असते. माझं मत असं, फक्त ओल्या, घट्ट, नुकतीच पाण्याखालून निघालेल्या वाळूवर, तीही हळू. वरच्या कोरड्या वाळूत कधीच नाही. एक तर तिथे चाक रुततं, दुसरं म्हणजे कासवांची घरटी तिथेच असतात, रात्री आलेल्या मादीचं एखादं घरटं कासवमित्रांच्या नजरेतून सुटलेलं असू शकतं, आणि उन्हाळ्यात काही चिखल्या पक्षी उघड्या वाळूतच अंडी घालतात, वाळूच्याच रंगाची, पायाखाली आली तरी कळत नाहीत. ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल, ती खेकड्यांनी वाळूतलं खाणं चाळून टाकलेले गोळे, पुढच्या भरतीत पुसली जातात. मी स्वतः हल्ली दोनशे मीटर चालवतो, फोटो काढतो आणि रस्त्याला लागतो.

दुपार

कर्द्याला पोचेपर्यंत साडेअकरा. आता बारा ते साडेतीन सायकलला हात लावायचा नाही, मार्च-एप्रिलची दमट हवा घाम सुकू देत नाही आणि माणूस कधी ढेपाळला कळत नाही. जेवण आधी सांगून ठेवलेलं असावं, ऐनवेळी दहा ताटं होत नाहीत. मासे, तांदळाची भाकरी, सोलकढी, मग झाडाखाली आडवं व्हायचं. डोळा लागला नाही तर वर बघत राहा, वड-पिंपळाला फळं असतील तर धनेश येतात, आधी पंखांचा आवाज येतो, सूऽऽप सूऽऽप असा, मग पक्षी दिसतो.

परत निघताना एक गोष्ट लक्षात असू द्या, दुपारनंतर वायव्येकडून वारा सुटतो आणि आपल्याला उत्तरेकडे जायचंय, म्हणजे नेमका तोंडावर. सकाळी लागला त्याच्या दीडपट वेळ धरा. नवख्यांना पुढच्याच्या मागे दोन हातांवर चालवायला सांगा, वारा कमी लागतो.

साडेचार-पाचला हर्णैचा मासळी लिलाव. होड्या लांब नांगरलेल्या, मासळी बैलगाडीतून पाण्यातून किनाऱ्यावर येते, टोपल्यांचे ढीग, बोली इतक्या वेगात की अर्धं कळत नाही. सायकली बाहेरच लावा, एक जण राखणीला. वर घारी, कुरव आणि बगळ्यांची झुंबड असते, आख्ख्या दिवसात एका जागी सगळ्यात जास्त पक्षी इथेच दिसतील, हे मला फार उशिरा लक्षात आलं कारण मी सुरमईकडे बघत होतो.

सहापर्यंत आंजर्ल्यात. संध्याकाळीही पिल्लं सोडतात, सकाळी हुकलं असेल तर हा दुसरा चान्स. कड्यावरच्या गणपतीला मात्र मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाखाडीने (दगडी पायऱ्यांच्या वाटेने) चढून जातो, वरून माडांचे शेंडे, खाडीचं मुख आणि सुवर्णदुर्ग एका नजरेत येतात आणि काल कुठून कुठे गेलो ते कळतं. पायात अजून दम असेल त्यांनी तिथून पाडले-आडेचा समुद्राकडेचा रस्ता करावा, जाऊन-येऊन चौदा-पंधरा किमी, आणि माझ्या मते या पट्ट्यातला सगळ्यात देखणा रस्ता तो आहे.

टूथब्रश

झोपायच्या आधी, कितीही दमला असाल तरी, सायकल गोड्या पाण्याने धुवा. पाइपचा जोराचा फवारा नको, बेअरिंगमध्ये खारं पाणी आणि वाळू आत ढकलली जाते, बादली-मगने हळू ओता. चेन, कॅसेट, ब्रेकच्या सांध्यातली वाळू टूथब्रशने काढा, फडक्याने कोरडं करा आणि मग ऑईल. ओल्यावर ऑईल टाकून उपयोग नाही. पहिल्या वर्षी मी "घरी गेल्यावर बघू" म्हटलं, चार दिवसांनी कव्हर काढलं तर चेन तांबेरलेली आणि मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) हलायलाच तयार नाही, दोन्ही बदलावे लागले. ज्या घरी उतरलाय त्यांना विहिरीवर सायकली धुवायच्या का हे आधी विचारा, एप्रिलमध्ये काही घरांना पाणी जपून वापरावं लागतं, तेव्हा दहा सायकलींना मिळून चार बादल्यांत भागवा.